पोथी पाठ केली म्हणजे वाचली नव्हे

गांधीजींना नास्तिकतेकडे पहिल्यांदा ढकललं ते मनुस्मृतीने. ही कुणा टीकाकाराची कोटी नाही, आत्मकथेत त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. वडिलांच्या पुस्तकांत मनुस्मृतीचं भाषांतर हाती लागलं, शाळकरी मोहनदासने ते उघडलं, त्यातली विश्वोत्पत्तीची हकीगत काही पटली नाही आणि मन श्रद्धेकडे वळायचं सोडून भलतीकडेच झुकलं. एका हुशार चुलतभावाकडे शंका नेल्या, तर ‘मोठा झालास की तुझं तुला कळेल’ असं उत्तर मिळालं. पुढे लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास चालू असताना दोन थिऑसॉफिस्ट (सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्या पंथाच्या) भावांनी त्यांना सोबत गीता वाचायला बोलावलं. गीता तोवर ना संस्कृतात वाचली होती ना गुजरातीत, याची त्यांना लाज वाटली. एडविन आर्नल्डचा इंग्रजी पद्यानुवाद समोर ठेवून वाचन सुरू झालं आणि दुसऱ्या अध्यायातले ‘ध्यायतो विषयान्पुंसः’पासूनचे श्लोक मनात रुतले ते कायमचे. त्याच काळात बायबलही विकत घेतलं. उत्पत्तीच्या पुस्तकापुढची प्रकरणं वाचताना झोप यायची, ‘गणना’ तर अजिबात आवडलं नाही, पण नव्या करारातलं डोंगरावरचं प्रवचन थेट काळजाला भिडलं.

वाचक एकच. एका धर्मग्रंथाने त्याला दूर लोटलं, दुसऱ्याने जवळ ओढलं, तिसऱ्याने अर्ध्या भागात झोपवलं आणि उरलेल्या अर्ध्यात जागं केलं.

हे आज सांगायचं कारण असं की ‘मी नास्तिक होतो, मग मी ग्रंथ वाचला’ या गोष्टीला सध्या फार बरकत आली आहे. फोनवर फिरणारे व्हिडिओ पाहा, प्रवचनं ऐका, धर्मप्रचाराची पुस्तिका उघडा. गोष्टीचा साचा ठरलेला आहे: माणूस विज्ञान शिकलेला, देवाची टिंगल करणारा, ग्रंथ खोडून काढायच्या इराद्याने उघडतो, रात्रभर वाचतो आणि पहाटे डोळ्यांत पाणी. ग्रंथाचं नाव बदललं तरी गोष्टीला कुठे ओरखडा उठत नाही. कुराणाची आहे, बायबलची आहे, गीतेची आहे, गुरु ग्रंथसाहिबाचीही आहे. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की बघा, आमच्या ग्रंथात एवढी ताकद आहे, म्हणून तो खरा. आता सगळेच ग्रंथ अशा रीतीने खरे ठरत असतील तर हा पुरावा कुणाच्याच उपयोगाचा नाही, हे सांगायला फार तर्कशास्त्र लागत नाही.

मला जास्त काळजी आहे ती यातून काढल्या जाणाऱ्या दुसऱ्या निष्कर्षाची. मोठेपणी, तेही विरोधात असलेल्या माणसाला ग्रंथ एवढा बदलतो, तर मुलांच्या तोंडी तो लहानपणापासूनच का घालू नये? गुजरात सरकारने २०२२ च्या मार्चमध्ये सहावी ते बारावीच्या वर्गांत गीता आणण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे २०२४ साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात मनाचे श्लोक आणि गीता यांच्या पाठांतराचा विषय होता. गदारोळ झाला तो मुख्यतः त्यात मनुस्मृतीतला श्लोक आल्यावरून. त्या गदारोळात पाठांतराचा प्रश्न बाजूला पडला. माझ्या मते खरा वादाचा मुद्दा तोच होता. ज्यांनी वाचून श्रद्धा मिळवली त्यांच्या हकिगती नीट पाहिल्या तर त्या पाठांतराच्या बाजूने साक्ष देत नाहीत, उलट त्याच्या विरोधात जातात.

यातली सर्वांत बोलकी हकीगत ॲनी बेझंट यांची. आपल्याला त्या माहीत आहेत त्या होमरूलवाल्या म्हणून. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये आपली होमरूल लीग काढली, बाईंनी सप्टेंबरात आपली. पुढच्याच वर्षी त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. बनारसचं सेंट्रल हिंदू कॉलेज त्यांचं, गीतेचा एक इंग्रजी अनुवादही त्यांचा. पण हा सगळा उत्तरार्ध. पूर्वार्धात त्या इंग्लंडमधल्या सर्वांत गाजलेल्या नास्तिकांपैकी एक होत्या, आणि गंमत अशी की त्यांची श्रद्धा गेली ती वाचनाने आणि परत आली तीही वाचनानेच.

१८६६ सालची गोष्ट. ॲनी वूड तेव्हा अठरा वर्षांची, अतिशय भाविक. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह चालू होता. येशूच्या अखेरच्या आठवड्याचा दिवसवार वृत्तान्त आपल्यापुरता लिहून काढावा, म्हणजे प्रत्येक दिवशी त्याच्या बरोबर चालल्यासारखं वाटेल, असं तिच्या मनात आलं. मत्तय, मार्क, लूक, योहान अशा चारही शुभवर्तमानांतले तपशील तिने चार रकान्यांत शेजारी शेजारी मांडायला घेतले. ते जुळेनात. एकात एक क्रम, दुसऱ्यात दुसराच. मुलगी घाबरली. शंका येणं हेच पाप, अशी शिकवण असल्याने तिने ते कागद बाजूला सारले आणि स्वतःला शिक्षा म्हणून एक जादा उपवास केला.

यात श्रद्धेला सुरुंग लावायला कुणी बाहेरचा आला नव्हता. तिला कुणी डार्विन वाचायला दिला नव्हता. भक्तिभावाने आणि नीट वाचणं एवढंच तिने केलं होतं.

पुढच्या वर्षी तिचं एका पाद्र्याशी लग्न झालं. दोन मुलं झाली. १८७१ साली धाकटी मेबल डांग्या खोकल्याने मरता मरता वाचली आणि त्या दिवसांत आईच्या मनात जुनी शंका नव्या रूपाने उठली: निष्पाप जिवाला असा त्रास देणारा देव दयाळू कसा? ती ऑक्सफर्डला डॉ. प्युसी नावाच्या नामांकित धर्मपंडिताकडे गेली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की सत्य शोधणं हे तुमचं काम नाही, चर्चने सांगितलेलं मानणं हे आहे, आणि तुम्ही आधीच फार वाचलेलं आहे. या शेवटच्या वाक्याइतकी प्रामाणिक कबुली मी कुठल्याही धर्माच्या अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेली नाही. बाई परतल्या, १८७३ मध्ये प्रभुभोजनाला बसायला नकार दिला, घर सुटलं. पुढच्या वर्षी त्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या नॅशनल सेक्युलर सोसायटीत दाखल झाल्या. १८७७ साली संततिनियमनावरची पुस्तिका छापली म्हणून दोघांवर खटला झाला. १८७८ मध्ये न्यायालयाने मेबलला आईपासून काढून घेतलं, आणि त्याला आईची नास्तिकताही कारण झाली.

एवढी किंमत मोजून मिळवलेली नास्तिकता त्यांनी १८८९ मध्ये एका पुस्तकासाठी सोडली. पॉल मॉल गॅझेटचे संपादक स्टेड यांनी त्यांच्याकडे दोन जाडजूड खंड परीक्षणासाठी दिले. थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांचं ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’. कुठल्याशा प्राचीन, गुप्त ऋचांवरचं भाष्य असा त्याचा दावा. बाईंनी ते वाचलं आणि वर्षानुवर्षांचं कोडं सुटल्यासारखं त्यांना झालं. त्या लेखिकेला भेटायला गेल्या. इथे ब्लाव्हाट्स्की बाईंनी एक गोष्ट केली, जिचं मला कौतुक वाटतं. सोसायटीच्या सभासद होण्याआधी माझ्याविरुद्धचा अहवाल वाचून या, असं त्यांनी सांगितलं. अतींद्रिय घटनांचं संशोधन करणाऱ्या एका लंडनच्या संस्थेसाठी रिचर्ड हॉजसन यांनी १८८५ मध्ये तो लिहिला होता आणि त्यात मादामना सरळ लबाड ठरवलं होतं. बेझंटबाईंनी तो वाचला, फेटाळला आणि अर्जावर सही केली.

आमचे विवेकवादी मित्र या टप्प्यावर लगेच निदान करतात. बाई थकल्या होत्या, एकट्या पडल्या होत्या, मुलगी हिरावली गेली होती, आधार हवा होता. हे निदान मला मान्य नाही, कारण ते दोन्ही बाजूंना लागू पडतं. १८७१ साली त्यांची श्रद्धा डळमळली तेव्हाही त्या आजारी मुलीच्या उशाशी बसलेल्या होत्या, लग्न दुःखाचं होतं. दुःखातून आलेली नास्तिकता विचारपूर्वक आणि दुःखातून आलेली आस्तिकता मात्र दुबळेपणाची, असं म्हणणाऱ्याने आपला काटा एकदा तपासून घ्यावा. माणूस कुठल्या वाटेने निष्कर्षाला पोहोचला यावरून निष्कर्ष खरा की खोटा ते ठरत नाही. शिवाय १८८९ च्या बेझंट खचलेल्या बिलकूल नव्हत्या. आदल्याच वर्षी लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींचा संप त्यांनी गाजवला होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. अठराव्या वर्षी या बाईंनी चार शुभवर्तमानं चार रकान्यांत मांडली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी हातात आलेल्या दोन खंडांना त्यांनी तसा एकही रकाना आखला नाही. ज्या प्राचीन ऋचांवर ते भाष्य होतं त्या मूळ ग्रंथाचं दर्शन मादामखेरीज कुणाला झालेलं नव्हतं. थोड्याच वर्षांत विल्यम एमेट कोलमन या अमेरिकन अभ्यासकाने मादामच्या पुस्तकांत कुठकुठल्या छापील पुस्तकांतून मजकूर उचलला आहे ते शोधायचा उद्योग केला. हे काम बेझंटबाईंना सहज करता आलं असतं, त्यांची त्या कामी ख्यातीच होती. त्या बदलल्या याबद्दल माझी तक्रार नाही. बदलल्यावर त्यांनी त्या कठोर नजरेने वाचणं थांबवलं, ही तक्रार आहे. त्याचा शेवट कुठे झाला ते सर्वांना ठाऊक आहे. १९०९ मध्ये मद्रासच्या अड्यारला, सोसायटीच्या मुख्यालयाजवळच्या किनाऱ्यावर त्यांच्या सहकाऱ्याला एक मुलगा दिसला, तोच भावी जगद्गुरू असं ठरलं, त्याच्यासाठी संघटना उभी राहिली, आणि ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथे त्याच कृष्णमूर्तींनी, म्हाताऱ्या बेझंटबाई समोर बसलेल्या असताना, ती संघटना विसर्जित केली. सत्याकडे नेणारा आखीव रस्ता नसतो, हे बाईंना त्यांनीच वाढवलेल्या मुलाकडून ऐकावं लागलं.

(गांधीजींच्या आत्मकथेत या सगळ्याचा एक धागा आहे. बेझंटबाईंच्या मतपरिवर्तनाने नास्तिकतेबद्दलची आपली नावड पक्की झाली असं ते लिहितात. आणि तेच गांधीजी १८९१ मध्ये ब्रॅडलॉ वारले तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते. लंडनमधले बहुतेक सगळे हिंदी लोक गेले होते, कारण हा नास्तिक पार्लमेंटात हिंदुस्थानच्या बाजूने बोलायचा.)

आता शेजारी पंडिता रमाबाई ठेवून पाहू. नास्तिक हे बिरुद रमाबाईंनी कधी लावलं नाही, पण श्रद्धा पूर्ण उडालेली अवस्था त्यांनी अनुभवली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून ज्यांना जातवाल्यांना तोंड द्यावं लागलं ते हे. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं, व्रतं केली, दानं दिली, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले. शास्त्रात सांगितलेलं सगळं केलं तरी देव बोलला नाही. रमाबाई आणि भाऊ कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेद वाचलेस का असं विचारलं. बाईमाणसाने वाचायचे नसतात अशी समजूत असल्याने ती नाही म्हणाली, तेव्हा त्यांनी प्रतच हातात ठेवली. बायकांना त्यांचा धर्म शास्त्राधारे समजावून सांग, अशी तिला विनंती झाली, म्हणून ती धर्मशास्त्रं मुळातून वाचू लागली.

त्या वाचनाने तिची उरलीसुरली श्रद्धा संपवली. पुढे तिने लिहिलं की हे ग्रंथ एकमेकांशी कशातच सहमत नाहीत, फक्त दोन बाबतींत त्यांचं एकमत आहे: बाईची जात वाईट, आणि पुरुषासारखा तिला मोक्ष नाही. ज्या हेतूने तिला ग्रंथ वाचायला दिले होते त्याच्या बरोबर उलट झालं. हे होणारच होतं. संस्कृत ज्याला मातृभाषेसारखं येतं अशा वाचकासमोर ग्रंथ उघडा टाकला की भाष्यकाराने घातलेले पडदे तिथे टिकत नाहीत.

लग्नानंतर सिल्चरला असताना तिला घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती आवडली. पण बाप्तिस्मा झाला तो पुढे, इंग्लंडमध्ये, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज इथे. मध्ये पती गेला, ती पुण्याला आली, आणि इंग्लंडला पोहोचल्यावर एक गोष्ट घडली. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी समाजाने टाकलेल्या बायकांसाठी लंडनच्या फुलहॅम भागात चालवलेलं घर तिने पाहिलं. या बायकांना तुम्ही जवळ का करता, असं तिने विचारलं. उत्तरादाखल तिला योहानाच्या चौथ्या अध्यायातली, कमी लेखलेल्या एका शोमरोनी बाईशी येशू आपणहून बोलतो ती गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आधी कृती दिसली, मग मजकूर ऐकला. ‘ग्रंथ वाचून बदललो’ या बहुतेक हकिगती खणल्या की खाली असं काही निघतं. मजकूर एकटा येत नाही.

आणि त्यानंतर? बाप्तिस्मा दिलेल्या भगिनींशी आणि बिशपांशी रमाबाईंचं दोन वर्षं जोरदार भांडण चाललं. येशूच्या देवत्वाबद्दल, चमत्कारांबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना ठणकावून लिहिलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सबंध बायबल त्यांनी साध्या मराठीत आणलं. ते काम त्यांना १९२२ साली मरण येईपर्यंत पुरलं. मूळ भाषा शिकून, शब्द न् शब्द तपासत वीसेक वर्षं एकच ग्रंथ वाचणारी ही बाई ख्रिस्ती झाली म्हणून पुण्यात तिच्यावर जी राळ उडाली, ती उडवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची शास्त्रं तिच्या निम्म्यानेही वाचली होती? बेझंटबाईंची नजर श्रद्धेनंतर मऊ झाली. रमाबाईंची तशीच राहिली. माझ्या लेखी कसोटी ही आहे. श्रद्धा धरली की सोडली यावर मी वाचकाला जोखत नाही. त्यानंतर त्याने वाचणं चालू ठेवलं का, एवढंच पाहतो.

लिओपोल्ड वाइस यांची गोष्ट मुसलमान प्रचारक आवडीने सांगतात. लेम्बर्गच्या यहुदी घराण्यातला, धर्मावर विश्वास न उरलेला पत्रकार. १९२६ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या सुखवस्तू माणसांचे चेहरे त्याला कमालीचे दुःखी दिसले. घरी आला तर टेबलावर कुराण उघडं, आणि पानावर १०२ वी सूरा: कबरीपर्यंत पोहोचेस्तोवर तुम्हाला आणखी, आणखी हवं असतं. त्याने इस्लाम स्वीकारला, मुहम्मद असद झाला. प्रचारात एवढंच येतं. त्याआधी चार वर्षं तो वार्ताहर म्हणून अरब देशांत हिंडत होता, हे येत नाही. आणि पुढे १९८० मध्ये त्यांनी इंग्रजीत केलेला कुराणाचा सटीप अनुवाद अनेक सनातनी मौलवींना खपला नाही, हेही येत नाही. चमत्कारांबाबत ते बुद्धीला धरून अर्थ लावत. वाचून आलेला माणूस वाचतच राहतो आणि मग यजमानांनाच त्याची अडचण होऊ लागते.

आपल्याकडच्या एका घराचा उल्लेख करायलाच हवा. गोव्यातल्या सांखवाळ गावच्या धर्मानंद कोसंबींना बुद्ध भेटला तो ‘बालबोधमेवा’ या मासिकात. ते मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचं! मुलांना येशूकडे आणायला काढलेल्या नियतकालिकाने एका सारस्वत तरुणाला बौद्ध केलं. घरदार सोडून तो पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला गेला, भिक्षू झाला, पाली शिकला, हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचं काम केलं. आणि त्यांचाच मुलगा दामोदर, गणिती आणि मार्क्सवादी, त्याने १९६२ सालच्या आपल्या पुस्तकात गीतेचा सामाजिक-आर्थिक अंगाने समाचार घेतला. शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक, गांधी या सगळ्यांना एकाच पोथीतून परस्परविरोधी गोष्टी कशा मिळाल्या, हा त्याचा प्रश्न होता. बाप ग्रंथ वाचून श्रद्धेला पोहोचला, मुलगा ग्रंथ वाचून श्रद्धेपासून लांब राहिला, आणि वाचनाच्या कसात दोघांत डावं-उजवं करणं कठीण. अशी घरं महाराष्ट्रात आणि गोव्यात थोडी जास्त असती तर आपल्या धर्मविषयक वादांची पातळी इतकी घसरली नसती.

हा टोला दोन्ही बाजूंना आहे. भाविकांपैकी बहुसंख्य आपला ग्रंथ वाचत नाहीत, त्याची पूजा करतात, त्याला लाल कापडात बांधतात, मिरवणुकीत डोक्यावर घेतात. आणि नास्तिकांपैकी पुष्कळजण तो वाचतात ते वाद जिंकण्यापुरता. मनुस्मृतीतले पाच श्लोक, लेवीय पुस्तकातली चार वचनं, कुराणातल्या तीन आयती. त्यांची झेप तेवढ्याच कातरणांची. नरहर कुरुंदकर स्वतःला नास्तिक म्हणवत, पण मनुस्मृतीवर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी ती अथपासून इतीपर्यंत पचवलेली होती. म्हणून सनातन्यांना त्यांच्याशी वाद घालणं अवघड जायचं. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. ती न वाचता जाळली, असं म्हणायची त्यांच्या शत्रूचीही छाती झाली नसती. आणि पुढे बौद्ध धम्म स्वीकारला तोही असाच दीर्घ वाचनानंतर. मॅट्रिक झाल्यावर केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र हातात दिलं होतं. त्या भेटीपासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

आता शाळेकडे येऊ. वर आलेल्या नावांपैकी कुणाचंही परिवर्तन पाठांतराने झालेलं नाही. गांधीजींच्या घरी रामायण कानावर पडत होतं आणि ते त्यांना प्रियही होतं, पण गीतेशी त्यांची गाठ पडली ती मोठेपणी, परमुलखात, कुणाची सक्ती नसताना, एका परक्याच्या भाषांतरातून. बेझंटबाईंना ब्लाव्हाट्स्कींनी विरोधातला अहवाल आधी वाचायला लावला. रमाबाईंना केशवचंद्रांनी निषिद्ध ग्रंथ हातात दिला. प्रत्येक ठिकाणी वाचणाऱ्याला ‘हे मला पटत नाही’ म्हणून पुस्तक मिटायची मुभा होती, आणि बऱ्याच वेळा त्याने ते मिटलंही. होकाराला वजन येतं ते त्या मुभेने. सातवीतल्या मुलीने बारावा अध्याय घडाघडा म्हणून दाखवला, बक्षीस मिळालं, फोटो निघाला. यात ती मुलगी गीतेला हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलेलंच नाही.

पाठांतराला माझा सरसकट विरोध नाही. आवाज सुधारतो, उच्चार सुधारतात, स्मरणशक्तीला काम मिळतं. मनाचे श्लोक तर मराठी भाषेच्या लयीचा उत्तम धडा आहेत. पण हे भाषेचे फायदे झाले. त्यासाठी ते मराठीच्या तासात ठेवा, मूल्यशिक्षणाच्या नावाने नको. मूल्य म्हणून शिकवायचं तर प्रश्न विचारू द्यावे लागतील, आणि सहावीतलं एखादं पोर विचारेल की अर्जुन लढायला नको म्हणत होता, त्यात त्याचं काय चुकलं? या प्रश्नावर हजार वर्षं भाष्यं लिहिली गेली आहेत. ज्या शिक्षकाला जनगणना, मतदारयाद्या आणि खिचडीचा हिशोब यांतून उसंत नाही त्याच्याकडून तयारीने उत्तर येईल अशी अपेक्षा कशी करायची? तो म्हणणार, मोठा झालास की तुझं तुला कळेल. राजकोटच्या एका मुलाला हेच उत्तर मिळालं होतं.

संविधानाच्या २८ व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई केली आहे. २००२ साली अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचं शिक्षण आणि धर्माचं शिक्षण यांत फरक केला, आणि पहिल्याला वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने आपण कधी गेलोच नाही. सरकारं गेली ती पाठांतराकडे, विरोधक गेले ते ‘शाळेत धर्मग्रंथ नकोच’ या भूमिकेकडे. मला दोघांचंही पटत नाही. नववी-दहावीच्या मुलांना वाचायला द्याच. ज्ञानेश्वरीतल्या निवडक ओव्या द्या, डोंगरावरचं प्रवचन द्या, कुराणातली तकासुर (वर आलेली १०२ वी) सूरा द्या, बुद्धाचं कालामसुत्त द्या. आणि त्याच पुस्तकात या मजकुरांवर झालेली टीकाही द्या. धर्मशास्त्रांबद्दल रमाबाई काय म्हणाल्या ते द्या. गीतेबद्दल धाकटे कोसंबी काय म्हणाले ते द्या. सगळं मराठीत, अर्थासकट. परीक्षा ठेवायचीच असेल तर मजकूर समजला का एवढीच ठेवा. मानता का, हा प्रश्न तोंडी परीक्षेतही नको.

यावर भाविक पालक म्हणतील, यातून आमचं पोर नास्तिक झालं तर? आणि पुरोगामी पालक म्हणतील, देवभोळं झालं तर? दोन्ही होऊ शकतं. हा धोका नसलेलं वाचन उपलब्ध नाही. डॉ. प्युसींना हे नेमकं कळलं होतं, म्हणून त्यांनी त्या तरुण बाईला वाचन बंद करायला सांगितलं. आपल्या मुलांनी ग्रंथ म्हणावा पण वाचू नये, असं आपल्याला खरोखर वाटत असेल तर निदान त्यांच्याइतकं सरळ बोलावं.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेने हा धोका पत्करला होता. लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे पारंपरिक पद्धतीने शास्त्रं शिकले, तर्कतीर्थ झाले. ते शिकून ते गांधीजींच्या बाजूने अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधार देत उभे राहिले, देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनी पुण्यात लावला, मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले आणि हिंदू धर्माची समीक्षा करणारी व्याख्यानं त्यांनी दिली. इतक्या लांब गेलेल्या विद्यार्थ्याला पाठशाळेने दार लावलं नाही. धर्मकोशाचे खंड तिने त्याच्याकडूनच संपादित करून घेतले.